'प्राइड अँड प्रेज्युडिस' गटात वाचायची आहे: कुठली आवृत्ती घ्यावी, कशी वाचावी?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत बायकांचा एक छोटा वाचनगट आहे. आजवर मराठीच वाचत आलो. या खेपेला जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्यायची ठरलंय आणि तीही मूळ इंग्रजीतूनच. बहुतेकजणी मराठी माध्यमातल्या. नोकरीत इंग्रजी वापरलेलं आहे, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीची सवय कुणालाच नाही. दोघींनी सुरुवातीची काही पानं वाचून 'नुसत्या गप्पा आणि नाच चाललाय, गोष्ट कधी सुरू होणार?' असं विचारायला सुरुवात केली आहे.

तर सल्ला हवाय. आवृत्ती कुठली घ्यावी? सिनेमा आधी बघावा की नंतर? आणि चर्चा 'नायक डार्सी किती छान' याच्या पुढे कशी न्यावी?

आणखी एक. गटातल्या एका मुलीसाठी सध्या स्थळं बघतायत. गोष्ट थोडक्यात (नायिका एलिझाबेथचं पहिल्या भेटीत श्रीमंत डार्सीबद्दल वाईट मत होतं, देखण्या विकमबद्दल चांगलं, आणि दोन्ही चुकतात) ऐकल्यावर ती म्हणाली, "पहिल्या भेटीत झालेलं मत चुकतं, हे ठीक. पण मग बरोबर मत कशावरून करायचं? ते आहे का पुस्तकात?" मला तिचा प्रश्न फार आवडला, पण उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी लिहावं.

जुनी पेटी

रानजाई, पुस्तक उत्तम निवडलंत आणि त्या मुलीने नेमकं विचारलंय. तिच्या प्रश्नाकडे नंतर येते, आधी आवृत्तीचं बघू.

स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कादंबरी फुकट मिळते, मोबाइलवर वाचता येते. पण गटात निदान एकीकडे तरी टिपांची प्रत असू द्या. पेंग्विन क्लासिक्स किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स, दोन्ही चांगल्या. डेव्हिड शपार्ड यांच्या सटीप आवृत्तीत एका पानावर मूळ मजकूर आणि समोरच्या पानावर टिपा आहेत. पुस्तक जाडजूड होतं, पण चार घोड्यांच्या गाडीतून येणारा माणूस म्हणजे नक्की किती पैसेवाला, असल्या शंका तिथल्या तिथे मिटतात.

एकूण प्रकरणं ६१. जानेवारी १८१३ मध्ये कादंबरी पहिल्यांदा निघाली ती तीन खंडांत. पहिला खंड प्रकरण २३ पर्यंत, दुसरा ४२ पर्यंत, उरलेला तिसरा. काही आवृत्त्यांत प्रकरणांचे आकडे दर खंडात पुन्हा एकपासून सुरू होतात, तेव्हा सगळ्यांनी आपापली प्रत आधीच ताडून घ्या. नाहीतर बैठकीत एकजण एक प्रकरण वाचून येते नि दुसरी भलतंच.

तुम्हीही तीनच बैठका घ्या, खंडांप्रमाणे. आणि प्रत्येक बैठकीत सगळ्यांनी डार्सी, विकम आणि एलिझाबेथची मैत्रीण शार्लट या तिघांबद्दलचं आपलं त्या दिवसाचं मत चिठ्ठीवर लिहून ठेवा. शेवटच्या बैठकीत तिन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचा. एलिझाबेथचं मत कसं बदललं यावर बोलण्यापेक्षा आपलं कुठे नि कशाने बदललं, यावर बोलणं जास्त रंगतं.

ज्यांना सुरुवात कंटाळवाणी वाटतेय त्यांच्यापुढे आधी पैशांचा हिशेब मांडा. एलिझाबेथच्या बेनेट कुटुंबाच्या इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. पण ही इस्टेट पुरुष वारसाकडेच जायची, असं आधीच लिहून ठेवलेलं. घरात पाच मुली, मुलगा नाही. म्हणजे बाप डोळे मिटताच घर, जमीन सगळं कॉलिन्स नावाच्या चुलतघराण्यातल्या पाद्र्याकडे जाणार. आईच्या नि मुलींच्या नावाने मिळून ५,००० पौंड. त्यातले एलिझाबेथच्या वाट्याला १,०००, तेही आई गेल्यावर. चार टक्क्यांनी वर्षाला ४० पौंड. हा आकडा मी काढलेला नाही. कॉलिन्स स्वतः एलिझाबेथला मागणी घालताना तिच्या तोंडावर हे १,००० पौंड नि चार टक्के ऐकवतो (प्रकरण १९).

हे डोक्यात ठेवून पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. मिसेस बेनेट आरडाओरडा करते, उथळ आहे, तिचं हसं होतं. पण तिच्या भीतीला आधार आहे. हसत बसणाऱ्या तिच्या नवऱ्याने मात्र आयुष्यभर शिल्लक टाकलेली नाही. मुलगा होईल, तो वयात आला की बापलेक मिळून इस्टेटीची अट मोडतील, असं धरून चालला. मुलगा झालाच नाही. मला दर वाचनात या बापाचा जास्त राग येतो. तो विनोदी बोलतो म्हणून आपण त्याला सोडून देतो.

आणि तो पहिला नाच, प्रकरण ३. डार्सी खोलीत शिरल्यावर पाच मिनिटांत त्याचं उत्पन्न वर्षाला १०,००० असल्याची बातमी सगळीकडे पसरते. रात्र अर्धी होईपर्यंत तो सगळ्यांना देखणा वाटतो, मग गर्विष्ठ वाटतो. पहिल्या भेटीतलं मत म्हणतात त्यात चेहरा किती नि उत्पन्न किती, ते इथे बघा.

पिंपळपान

पेटीताईंना +१. माझ्याकडून एवढंच की मोठ्याने वाचा. ऑस्टिनबाईंचं लिखाण कानाला पटकन कळतं, डोळ्याला वेळ लागतो. कॉलिन्सची मागणी दोघींनी पात्रं वाटून घेऊन वाचा. एलिझाबेथ 'नाही' म्हणते आणि तो 'बायकांची रीतच असते आधी नाही म्हणायची' असं धरून बोलतच राहतो. ती पुन्हा पुन्हा सांगते आणि त्याला ऐकूच येत नाही. आमच्याकडे हे वाचताना आधी हसू आलं, मग सगळ्या गप्प झाल्या. तो प्रसंग आपल्या ओळखीचा आहे.

लिब्रिव्हॉक्सवर संपूर्ण कादंबरी फुकट ऐकता येते, स्वयंपाक करता करता प्रकरण होतं.

सिनेमा नंतरच. २००५ च्या सिनेमात डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो तो भर पावसात, उघड्यावर. पुस्तकात ते कॉलिन्सच्या घरातल्या बंद खोलीत घडतं. १९९५ च्या बीबीसी मालिकेतला डार्सी तळ्यात उडी मारतो तो प्रसंगही पुस्तकात नाही. मालिका सुंदर आहे, सहा भागांची, सवडीने बघा. पण आधी पाहिली तर पुढची सगळी पानं त्या नटांच्याच चेहऱ्यांनी वाचली जातात, आणि डार्सीच्या बाबतीत तर तो देखणा चेहरा आधीच निकाल देऊन टाकतो.

गूळशेंगदाणे

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'तृष्णा' ही हिंदी मालिका लागायची, ती याच कादंबरीवर बेतलेली. गटातल्या साठीच्या बायकांना विचारा, आठवत असेल. गोष्ट ओळखीची निघाली की इंग्रजीचं ओझं कमी होतं.

उत्तरवारा

मी इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळ राहतो. ऑस्टिनचं जन्मगाव स्टीव्हन्टन इथून हाकेच्या अंतरावर, आणि ती शेवटची काही वर्षं जिथे राहिली ते चॉटनचं घर तासाभरात गाठता येतं. तिथे आता संग्रहालय आहे. तिचं लिहायचं टेबल बघण्यासारखं आहे, अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनांचं आणि इतकं लहान की त्यावर कागद नि दौत ठेवली की जागा संपली.

गटाला लेखिकेबद्दल दोन गोष्टी जरूर सांगा.

पहिली. या कादंबरीचा पहिला खर्डा १७९६-९७ मधला, तेव्हा तिचं वय एकवीसच्या आसपास, आणि त्याचं नाव होतं 'फर्स्ट इम्प्रेशन्स'. वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहून विचारलं, त्याने लगेच नकार कळवला. पुढे पंधराएक वर्षांनी तिने तो मजकूर काटछाट करून नव्याने बांधला आणि ११० पौंडांना हक्क विकले. पुस्तकावर तिचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'सेन्स अँड सेन्सिबिलिटीच्या लेखिकेकडून'.

दुसरी गोष्ट शार्लटसाठी महत्त्वाची. डिसेंबर १८०२ मध्ये जेन मॅनिडाउन नावाच्या वाड्यावर मैत्रिणींकडे राहायला गेली होती. तिथे त्या मैत्रिणींच्या भावाने, हॅरिस बिग-विदरने, तिला मागणी घातली. मोठ्या इस्टेटीचा वारस. ती सत्तावीस वर्षांची व्हायला आलेली, हाताशी स्वतःचे पैसे नाहीत. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेऊन घर गाठलं. पुढे तिने लग्न केलंच नाही. १८०५ मध्ये वडील गेले आणि आई, बहीण आणि ती, तिघी भावांच्या मदतीवर राहिल्या. चॉटनचं घरही एका भावानेच दिलेलं.

कादंबरीत कॉलिन्सला होकार देणारी शार्लट लुकस साधारण सत्तावीस वर्षांची आहे. नाकारलेल्या वाटेवर उभं राहून ऑस्टिनने ती लिहिली आहे, म्हणून तिच्याबद्दल निकाल देताना घाई करू नका.

कायद्याचंही सांगतो, कारण एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीचा, लिडियाचा, भाग त्याशिवाय कळत नाही. १७५३ च्या कायद्यामुळे इंग्लंडात एकवीस वर्षांखालच्या मुलीला आईबापांच्या संमतीशिवाय परवाना काढून लग्न करता येत नसे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी हद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जात. सोळा वर्षांची लिडिया विकमबरोबर पळते तेव्हा घरच्यांना आधी वाटतं, स्कॉटलंडला गेली असतील. नंतर कळतं की दोघं लंडनमध्ये लग्नाशिवाय राहतायत. पळून जाऊन लग्न केलं असतं तर निदान लग्न तरी झालं असतं. यात लिडिया गेलीच, पण उरलेल्या चार बहिणींचीही लग्नं अडणार, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सरळरेघ

उत्तरवारा, माहितीबद्दल आभार, पण शार्लटला इतकं सांभाळून घ्यायची गरज मला वाटत नाही. एलिझाबेथने नाकारलेला कॉलिन्स तीन दिवसांच्या आत दुसरीकडे मागणी घालतो आणि ही होकार देते. तो मूर्ख आहे हे तिला पुरतं कळतंय. सहाव्या प्रकरणात ती म्हणते की लग्नातलं सुख हा निव्वळ नशिबाचा भाग, जोडीदाराचे दोष आधी जितके कमी कळतील तितकं बरं. मला हे पटत नाही. आणि लेखिकेलाही पटत नसावं, कारण पुढे तिने शार्लटचा संसार उघडून दाखवलाय. एलिझाबेथ तिच्याकडे राहायला जाते तेव्हा तिला नवल वाटतं, की शार्लट समोरची ऐसपैस, उजेडाची खोली सोडून मागच्या बाजूच्या लहान खोलीत का बसते. मग लक्षात येतं. समोरच्या खोलीतून रस्ता दिसतो, म्हणून कॉलिन्सला त्याच बाजूला करमतं. बायकोची बैठक तिथे असती तर तो तिच्याजवळच रेंगाळला असता. शिवाय बागकाम तब्येतीला फार चांगलं म्हणून ती त्याला बागेत धाडत असते. घर नीटनेटकं, कोंबड्या आहेत, पाहुणचार आहे. पण नवरा जितका वेळ दूर तितका वेळ सुख. हेच तिने पदरात घेतलं.

जुनी पेटी

सरळरेघ, खोलीचा तपशील तुम्ही अगदी बरोबर उचललात, गटात तो वाचाच. पण बाविसावं प्रकरणही शेजारी ठेवा. शार्लटचं ठरल्याचं कळताच तिच्या घरी काय होतं? धाकट्या बहिणी खूश, कारण मोठी उजवली की त्यांना एखाददोन वर्षं आधी समाजात मिरवायला मिळणार. भाऊ सुटकेचा निःश्वास टाकतात, बहीण जन्मभर बिनलग्नाची राहणार नाही म्हणून. आणि आई ताबडतोब मनात हिशेब करू लागते, मिस्टर बेनेट आणखी किती वर्षं जगतील. एका परिच्छेदात सगळं घर उघडं पडतं. त्या घरात शार्लटच्या सुखाचा विचार करणारं कुणी असेल तर ती एकटी शार्लटच.

तुम्ही तिच्या नशिबाच्या वाक्यावर बोलता, पण त्याच प्रकरणातलं तिचं दुसरं म्हणणं बघा. एलिझाबेथच्या थोरल्या बहिणीचं, जेनचं, डार्सीच्या मित्रावर, बिंगलीवर, प्रेम आहे, पण ती ते दिसू देत नाही. शार्लट म्हणते, इतकं झाकून ठेवलं तर माणूस निसटेल. एलिझाबेथ ते हसण्यावारी नेते. आणि पुढे तसंच होतं. जेनच्या शांत चेहऱ्याकडे बघून डार्सीची खात्री पटते की हिला बिंगलीत रस नाही, आणि तो मित्राला तिच्यापासून दूर करतो. म्हणजे माणसं ओळखण्यात शार्लट एलिझाबेथपेक्षा सरस आहे. तिला चटके बसू नयेत म्हणून ती कमी मागते, हे वेगळं.

तेव्हा 'शार्लट चूक की बरोबर' असा प्रश्न बैठकीत टाकूच नका, दोन तट पडतील आणि तासभर तेच चालेल. त्याऐवजी विचारा, की तिने नकार दिला असता तर चाळिशीत ती कुणाच्या घरात, कुठल्या खोलीत बसली असती?

रानजाई

वा, भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. पण आमच्या त्या मुलीचा प्रश्न राहिलाच. एलिझाबेथ इतकी हुशार, मग विकमवर विश्वास कसा ठेवते? आणि पुढे डार्सीबद्दल बरोबर मत कशावरून बनवते? शेवटी घर बघूनच पाघळली, असं एकीचं म्हणणं आहे.

सरळरेघ

ती एकटी नाही. एलिझाबेथ स्वतः जेनला म्हणते, पेंबर्लीची, म्हणजे डार्सीच्या घराची, सुंदर बाग पाहिली तेव्हापासून प्रेमात पडले बहुधा. पण ती थट्टा आहे, जेन लगेच तिला नीट सांग म्हणून दटावते. तरी घराचा काहीच वाटा नाही असं मी म्हणणार नाही. उत्तर पेटीताईंनीच द्यावं.

जुनी पेटी

देते. थोडं लांबेल.

विकम कसा बोलतो ते सोळाव्या प्रकरणात बघा. एलिझाबेथच्या मावशीकडे पत्त्यांची संध्याकाळ आहे. ओळख झाल्याला एक दिवस होत नाही तोवर हा माणूस तिच्याशेजारी बसून डार्सीने आपल्यावर कसा अन्याय केला, डार्सीच्या वडिलांनी देऊ केलेली पाद्र्याची जागा कशी हिरावली, सगळं सांगून मोकळा. बोलणं गोड, चेहरा देखणा, आणि मुख्य म्हणजे एलिझाबेथला डार्सीबद्दल जे ऐकायचं होतं तेच तो ऐकवतो. डार्सीने नाचाच्या वेळी तिला 'बरी आहे, पण मला मोह पडावा इतकी देखणी नाही' म्हटलेलं तिने ऐकलेलं असतं. तो सल असतोच. त्यात विकम भेटतो.

आता थेट चौतीस, पस्तीस, छत्तीस ही तीन प्रकरणं. ही घाईने वाचू नका, माझं ऐकाल तर एका बैठकीत दोनदा वाचा. डार्सी मागणी घालतो, ती झिडकारते, दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात पत्र देतो. पत्रात तो विकमची हकिगत सांगतो. जागेच्या बदल्यात विकमने ३,००० पौंड घेतले होते, आणि पुढे डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, तिच्या ३०,००० पौंडांसाठी, पळवून न्यायचा घाट घातला होता. पत्रातला कळीचा भाग लोक सोडून देतात. डार्सी म्हणत नाही की माझ्यावर विश्वास ठेव. तो साक्षीदार देतो. माझा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम याला सगळं ठाऊक आहे, त्याला विचारून खात्री करून घे. विकमच्या गोष्टीला असा कुठलाही साक्षीदार नव्हता.

मग छत्तिसाव्या प्रकरणात ती पत्र घेऊन फिरत राहते, एकेक वाक्य पुन्हा पुन्हा वाचते आणि विकमची ती संध्याकाळ आठवते. तेव्हा तिला दिसतं, की परक्या बाईजवळ पहिल्याच ओळखीत इतकं खाजगी बोलणंच मुळात गैर होतं. तो म्हणाला होता, मी डार्सीला टाळणार नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात नाचाला आलाच नाही. म्हणाला होता, त्याच्या वडिलांचा मान राखून मी त्याची बदनामी करणार नाही, आणि डार्सीची मंडळी गाव सोडून जाताच ही कहाणी गावभर झाली. या सगळ्या गोष्टी तिच्या डोळ्यांसमोर घडल्या होत्या. नवी माहिती पत्रातून आली, पण विकमचा खोटेपणा तिला आधीच कळलेल्या गोष्टींतूनच सापडला.

पेंबर्लीबद्दल म्हणाल, तर घर भव्य आहेच. पण तिथे तिचं मन हलवते ती घर सांभाळणारी मिसेस रेनल्ड्स. ती सांगते, मी यांना चार वर्षांचे असल्यापासून बघतेय, जन्मात कधी उलटा शब्द ऐकला नाही. कुळांना, नोकरांना विचारा, सगळे चांगलंच म्हणतील. नोकरमाणूस पाहुण्यांपुढे मालकाला चांगलंच म्हणणार, हे खरं. पण इतक्या वर्षांची साक्ष आहे, आणि डार्सीचा स्वभाव वाईट, या एलिझाबेथच्या ठाम समजाच्या थेट विरुद्ध आहे.

आणि शेवटचा पुरावा लिडियाच्या लग्नाचा. डार्सी लंडनमध्ये विकमला शोधून काढतो, त्याचं कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे पैसे ठेवतो आणि श्रेय मामांना घ्यायला लावतो. एलिझाबेथला हे कधी कळू नये अशीच त्याची व्यवस्था. लिडिया बोलून गेली नसती आणि मामीने पत्रात खुलासा केला नसता तर तिला कळलंही नसतं.

तेव्हा त्या मुलीला माझ्याकडून सांगा. पोरी, पुस्तकात उत्तर आहे. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते ताडून बघायची सोय तो देतो का, ते बघ. त्याच्या हाताखालच्या माणसांशी बोल, नुसत्या नातेवाइकांशी नको. आणि कुणी बघत नसताना तो काय करतो, याचा कुठूनतरी सुगावा लागला तर तो सोडू नकोस. कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात यातलं काही होत नाही, म्हणून आणखी वेळ माग. डार्सीलासुद्धा दुसऱ्यांदा विचारेपर्यंत महिने गेले.

पिंपळपान

पेटीताई, हे मी छापून ठेवतेय.

रानजाई, ही संपल्यावर गट थांबवू नका, लगेच 'पर्स्वेजन' घ्या. नायिका अ‍ॅन एलियट, तीही सत्तावीस वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी मोठ्यांचं ऐकून तिने आवडत्या माणसाला नकार दिलेला असतो, कारण त्याच्याकडे पैसा नसतो. आठ वर्षांनी तो पैसा कमावून परत येतो आणि तिच्याकडे बघतही नाही. शार्लटवर बोलून झालं की अ‍ॅनवर बोलायला फार मजा येईल, आणि पुस्तक याच्या साधारण दोन तृतीयांशच आहे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. तीन बैठका, खंडांप्रमाणे, आणि चिठ्ठ्या नक्की. पैशांचा हिशेब आमच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकू फळ्यावर मांडणार आहेत. कॉलिन्स व्हायला दोघी तयार झाल्यात. टिपांची एक प्रत मागवली आहे, बाकीच्या मोबाइलवर वाचतील. त्या मुलीला पेटीताईंचा प्रतिसाद पाठवला, तिने विचारलंय की पस्तिसावं प्रकरण आधी वाचलं तर चालेल का?

जुनी पेटी

नको. सोळावं आधी वाचू दे तिला. विकमला तिने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं.